अनवरीचं राहिलेलं अर्धं

पारोळा, ६ जानेवारी १९९१

हनीफ,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच फळीवर टाकशील, म्हणून वरचा पत्ता सरदारकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पूर्ण वाच. दीपनगरला वीजघराच्या त्या चिमण्यांच्या राखेत बसून तुला दुसरं वाचायला तरी काय मिळतं?

जुलेखाचं लग्न ठरलं. तुझ्या खांद्यावर बसून मशकीच्या नळ्यांना लोंबकळायची ती जुलेखा. मुलगा धुळ्याचा आहे, मोटारी वाइंडिंग करण्याचं दुकान आहे, बोलायला कमी आहे. कमी बोलणारा म्हणून मला आवडला. तुझ्या सरदार दाजीसारखा बडबड्या नको होता. चोवीस फेब्रुवारी, रविवार. रमजानच्या आत उरकायचं आहे.

घरात सगळं ठीक आहे. बँडचं विचारशील तर बँड असा राहिला नाही. दारावर ‘हायलंडर पाइप बँड’ची पाटी आहे, पण वरातीला आता बॅगपाइपची मशक नको, लोकांना गाडीवरचा बेंजो आणि भोंगे लागतात. आपले तांबडे चौकटीचे घागरे ट्रंकेत पडले आहेत. सरदार गाद्या शिवतो. तोताराम अजून येतो, ड्रम पुसतो, चहा पितो आणि जातो. मशक अब्बांच्या खोलीत खुंटीला आहे. तिला मी दर हिवाळ्यात गूळ-तूप कोमट करून पाजते, चोळते, उलटी टांगते. कातडं मऊ आहे. नळीतली वेताची पत्ती नीट बसली की नाही हे बघायला पहिले सूर फुंकून बघते. लहानपणापासून माझं तेच काम, तेवढंच मी करते.

आता मुद्द्याचं. तू विसरल्याचं सोंग आणशील, म्हणून सगळं लिहून काढते. आपल्या बँडच्या घरातली मुलगी सासरी निघाली की मशकीवर साहेबाचं गाणं वाजतं. अर्धंच वाजतं. मुलीच्या ओढणीची चिंधी मशकीच्या मोठ्या नळीला बांधतात. मुलगी पहिल्यांदा माहेरी राहायला आली की उंबऱ्यावर तिला उभं करून उरलेलं अर्धं वाजवायचं आणि चिंधी सोडायची. आधीच्या मुलीचं पुरं झाल्याशिवाय दुसरीचं सुरू करायचं नाही. हा आपल्या आजोबांचा, दादामियाँचा नियम, अब्बांनी पाळला, तूही पाळलास.

अनवरीची चिंधी अजून नळीला आहे, हनीफ. लाल होती, आता वीटकरी झाली आहे.

माझ्या जुलेखाला त्या अर्ध्यावर उभं करून मी बाहेर काढणार नाही. तू ये. आधी धाकट्या बहिणीचं पुरं कर, मग भाचीचं सुरू कर. बाकी तू माझ्याशी बोल अगर नको बोलूस.

तुझी आपा,
हमीदा

पारोळा, २१ जानेवारी १९९१

हनीफ,

उत्तर नाही. बरं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. तू अब्बांच्या पुढ्यात मशक ठेवून म्हणाला होतास, ‘आपण आपल्या पोरींची मयत काढत आलो दारातून, वाजतगाजत.’ ते वाक्य या घराच्या भिंतींना अजून चिकटलेलं आहे. अब्बांनी मशक उचलून खुंटीला टांगली. मी बोलणार होते, पण तू चप्पल घालून गेलासुद्धा होतास. मग अब्बांच्या जनाज्याला आलास, मागे उभा राहिलास, पाण्याचा पेलाही न घेता परत गेलास. तेव्हा राहिलेलं आता लिहिते.

मॅकसाहेबाचं तुला जेवढं ठाऊक आहे तेवढंच मलाही. दादामियाँ छावणीत ड्रम वाजवायचे, साहेब त्या गोऱ्या पलटणीचा मशकवाला. साहेबाने त्यांना मशक शिकवली, जाताना आपली जुनी मशक दिली. तिच्यावर दादामियाँनी पारोळ्यात येऊन बँड उभा केला. मालेगावच्या मागावर चौकटीचं कापड विणून घेतलं. लोक ‘घागरेवाले आले रे’ म्हणून हसायचे आणि तरी वरातीला आपल्यालाच बोलवायचे. दादामियाँना राग यायचा नाही. म्हणायचे, हसू दे, हसणारा माणूस सुपारी लवकर देतो.

एका सकाळी दादामियाँनी साहेबाला बंगल्याच्या व्हरांड्यात वाजवताना बघितलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं. साहेबाची एकुलती एक मुलगी, तिची पेटी बैलगाडीत चढवली जात होती. मुलगी काही दिसली नाही. दादामियाँना वाटलं, विलायतेला लग्नाला निघाली, आधीच गाडीत बसली असेल. साहेब वाजवता वाजवता मध्येच थांबला आणि आत गेला. पुढे वर्षभराने त्याच व्हरांड्यात, फाटकाकडे तोंड करून, त्याने ते गाणं थांबलं होतं तिथून शेवटापर्यंत वाजवलं. दादामियाँ म्हणाले, मुलगी माहेरी आली वाटतं. त्यांनी दोन्ही अर्धी उचलली आणि तसाच रिवाज घरात लावला.

मग भुसावळला ती म्हातारी मडम आली, साहेबाची पुतणी, घरच्याच कोणाची कबर शोधत. तुला वाजवायला बोलावलं. तू मोठ्या कौतुकाने साहेबाचं गाणं वाजवलंस आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्याबरोबरच्या मास्तरांनी तुला सांगितलं की हे त्यांच्याकडे मयतीला वाजवतात. साहेबाची मुलगी कुठे गेली नव्हती. छावणीतच तापाने गेली. पेटीत तिचे कपडे होते, ते कोणाला तरी देऊन टाकत होते.

हे ऐकून तू घरी आलास तेव्हा अनवरीला जाऊन दोन पावसाळे झाले होते. तुझं डोकं फिरणारच. लग्नाच्या दारात तूच वाजवलं होतंस. चौथीच्या माहेरपणाला तिचे सासरचे म्हणाले इथेच फैजपूरला करू. मग सासू आजारी, मग केळीचा हंगाम, मग तिला कावीळ. पोरगी उंबऱ्यावर परत आलीच नाही. तुला वाटलं, गाण्याने नेली.

पण माझंही तेच गाणं झालं होतं, हनीफ. मला गल्लीतून किल्ल्याच्या दारापर्यंत नेलं, फिरवून याच घराच्या मागच्या खोलीत आणलं, कारण सरदारला आगापिछा नव्हता. आठवड्यात माझं उरलेलं अर्धंही वाजलं. अब्बा म्हणाले, ही कुठे जातेय, हिचं लवकर पुरं करा, नाहीतर रोज उंबऱ्यावर उभी राहील. मी मेले का? अनवरीच्या आधी तोतारामच्या पोरीसाठीही वाजलं. ती शिरपूरला चार लेकरं घेऊन बसली आहे, वजन बघशील तर ओळखायचा नाहीस.

कावीळ ही कावीळ असते. हे तुला दीपनगरचा कोणताही डॉक्टर सांगेल.

आणि मास्तरांनी सांगितलेलं एक तू घरी येऊन सांगितलंस, पण स्वतः मनावर घेतलंच नाहीस. तो बाप मध्येच थांबला, कारण त्याला पुढे वाजवता आलं नाही. त्याची बोटं चालली नाहीत. पण वर्षभराने त्याने पुरं केलं. मुलगी आलेली नव्हती, येणार नव्हती, तरी फाटकाकडे तोंड करून उभा राहिला आणि पुरं केलं.

तुझं वर्ष कधी भरणार आहे?

हमीदा

पारोळा, ३ फेब्रुवारी १९९१

हनीफ,

मागे लिहिलं की घरात सगळं ठीक आहे. नाही आहे.

दुपारी जोहरची नमाज झाली, गल्ली जेवून पडली, की अब्बांच्या खोलीतून मशकीचा घुमारा येतो. आधी मोठ्या नळीचा, मग लहान नळ्यांचा. तू फुगवून काखेत दाबायचास तेव्हा व्हायचा तसाच. मग गाणं सुरू होतं. पहिल्यांदा मी पोळपाट टाकून पळत गेले. मशक खुंटीला, पोट रिकामं, सपाट. मी आत गेले तशी गप्प.

सरदारला सांगितलं. म्हणाला उंदीर असेल. मी म्हटलं, उंदराला साहेबाचं गाणं येतं का? त्यावर त्याने गादीचा दोरा दाताने तोडला आणि बाहेर चहाला गेला. त्यालाही ऐकू येतं. नाहीतर गादी अर्धी टाकून कोण चहाला जातं?

आता मी पळत नाही. ओट्याशी उभी राहून ऐकते. भीती वाटते आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. कारण ते तुझं वाजवणं आहे, अनवरीच्या दिवशीचं. तू एके ठिकाणी श्वास चोरला होतास, तोसुद्धा येतो. मग गाण्यातल्या त्या जागेला, जिथे मुलीचा टांगा निघतो, येऊन ते थांबतं. मी दरवेळी वाट बघते पुढे जाईल म्हणून. त्यानंतरची जी शांतता असते ती मला सोसत नाही. वाटतं कोणीतरी उंबऱ्याबाहेर उभं आहे आणि आत बोलावलं जायची वाट बघतंय. मी दोन-तीनदा जाऊन दार उघडून आले. कमलबाई समोरून विचारते, कोण आलं गं? काय सांगू तिला?

हेही मी चालवून घेतलं असतं. इतकी वर्षं चालवलंच. पण परवा जुलेखा आपल्या लग्नाच्या ओढणीला गोटा लावत बसली होती आणि गुणगुणत होती. तेच. टांग्याच्या जागेला आली आणि सुई थांबवून गप्प झाली. मी म्हटलं, पुढे? तिने माझ्याकडे वर बघितलं. म्हणाली, ‘पुढे काय अम्मी? एवढंच तर आहे.’

हनीफ, माझ्या पोरीच्या डोक्यात ते गाणं तिथेच संपतं. तिला माहीतच नाही की परत यायचंही असतं.

त्याच संध्याकाळी मी मुलाकडे निरोप पाठवायला निघाले होते की लग्न पुढे ढकला. सरदारने अडवलं. पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. म्हणाला, ‘तुमच्या बहीणभावाच्या भांडणात माझी पोरगी बसवून ठेवणार का घरात?’ बरोबर बोलला. म्हणून तुला शेवटचं लिहिते.

हे पत्र तोताराम घेऊन येतो आहे आणि पोत्यात मशक आहे. नवी पत्ती बसवली आहे, पहिले सूर मी फुंकून बघितले आहेत, हवा कुठे निसटत नाही. चिंधी नळीलाच आहे. तुला आमच्या दारात यायचं नसेल तर नको येऊस. अनवरी तरी कुठे आमच्या दारात आहे? ती फैजपूरला आहे. तिथे जा.

इतकी वर्षं तू तिला गेलेली मानली नाहीस आणि आलेलीही मानली नाहीस. पोरीला दारात किती उभी ठेवशील रे?

आपा

पारोळा, ११ फेब्रुवारी १९९१

हनीफ,

तोताराम परत पोचला. हात हलवत आला. मी विचारलं, काय म्हणाला? तर त्याने आधी टोपी काढून डोकं खाजवलं, मग सांगितलं, ‘आपा, त्यानी माले चहा पाजा. मशक खाटवर ठेई नि तिन्हाकडे देखत बसना. मंग एवढंच इचारं, पत्ती कोनी बसाडी? मी सांगं, आपानी. बस, बठ्ठं एवढंच.’

मी म्हटलं, तोंड कसं होतं त्याचं? तर म्हणे, बारीक व्हई गया शे. तिकडे जाऊनही भात करायला शिकलेला नाहीस तू, मला ठाऊक आहे. कॉलनीतल्या मेसवर किती दिवस काढशील?

मशक नसल्यापासून खोली मोकळी झाली आहे. मला वाटलं होतं आता दुपारी आवाज येणार नाही. काल आला. खुंटी रिकामी होती आणि घुमारा आला, थांबायचा तिथेच थांबला. म्हणजे तो मशकीत नव्हताच. जुलेखाही ऐकत होती. तिने मेंदीचा कागद खाली ठेवला आणि माझ्या जवळ येऊन बसली, लहान होती तेव्हा विजा चमकल्या की बसायची तशी. मी तिला मग सगळं सांगितलं. मावशीचं, तुझं, साहेबाच्या मुलीचं. वाटलं रडेल, म्हणेल मला नको हे गाणं.

म्हणाली, ‘मावशीचं मामू पुरं करतील. नसतील करणार तर मी बिनगाण्याची जाते. पण बेंजो लावलात तर बघा.’

तिची जीभ कोणावर गेली आहे ते तूच ठरव. मशक परत पाठव अगर तापीत सोड. पण काहीतरी कर.

हमीदा

पारोळा, ३ मार्च १९९१

हनीफ,

लग्न झालं. तू आला नाहीस, त्याचं आता काही नाही. बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

लग्नाच्या सकाळी पाहुण्यांचा चहा चालला होता आणि दारात केळीचा ट्रक येऊन उभा राहिला. सरदार ओरडायला निघाला की इथे मांडव आहे, दिसत नाही का. ड्रायव्हर उतरला, गिरधर म्हणून, फैजपूरचा, छातीशी पोतं धरलेलं. म्हणाला, ‘हमीदाआपा कोन? त्याहीच्याच हातात द्यायचं सांगेल हाय.’

मी त्याला आत घेतलं, जिलेबी दिली, समोर बसवलं आणि म्हटलं, आता सगळं सांग. त्याने सांगितलं ते असं. आदल्या सकाळी तो आणि मजूर केळीच्या बागेत घड तोडत होते. बाग कबरस्तानाच्या भिंतीला लागून. भिंतीबाहेर, केळीच्या सावलीत, एक माणूस उभा राहिला आणि काखेत कातड्याची पिशवी धरून वाजवायला लागला. मजुरांना वाटलं कोणाची वरात आली. मग त्यांनी घड खाली ठेवले आणि उभे राहिले. ‘आमच्यातली एक म्हातारी रडाले लागली. तिले काय समजलं कोन जाने,’ असं तो म्हणाला. मी विचारलं, तो माणूस रडत होता का? म्हणाला, ‘नाही. घामेघूम व्हता. तोंड भिंतीकडं. वाजवून झालं नि तसाच बसला खाली. मंग म्हने, पारोळ्याकडं कोनी जातं का.’

हनीफ, गिरधर समोर असताना मी पोतं सोडलं. मोठी नळी आधी बघितली. चिंधी नव्हती. गाठीच्या जागी लाकूड स्वच्छ होतं, गोल, नव्यासारखं. मशकीला गाल लावला. कातडं आतून ओलं होतं. मी इतकी वर्षं तिला गूळ-तूप पाजलं, पण तुझ्या श्वासाची ओल वेगळी असते. मग मी पाहुण्यांसमोर बसून रडले. लोकांना वाटलं पोरीच्या लग्नाचं रडतेय, मी वाटू दिलं.

चिंधी तुझ्याकडे आहे की तिच्याकडे ठेवलीस, ते विचारत नाही.

दुपार झाली. जेवणं उठली, मांडव थोडा शांत होता. मी ओट्याशी जाऊन मुद्दाम उभी राहिले. काही आलं नाही. दार उघडून बघितलं. उंबऱ्याबाहेर ऊन होतं आणि पाहुण्यांच्या चपला होत्या.

आता निघायची वेळ. जुलेखा दारात, गाडी उभी, तोतारामने ट्रंकेतला घागरा घालून ड्रम अडकवलेला, पोट बाहेर, पट्टा बसत नव्हता म्हणून सुतळी बांधलेली. आणि मशक फुंकायला कोणी नाही. सरदार माझ्याकडे बघायला लागला. तोताराम म्हणाला, ‘आपा, पहिलं अर्धं ते तुमना बोटमा शे.’

बाईने मशक वाजवलेली या घरात कोणी बघितलेली नाही. पण तोताराम म्हणाला ते खरं होतं. जन्मभर पत्ती तपासताना मी तेच फुंकत आले. चार सुरांवर मन भरायचं नाही म्हणून पुढे पुढे जायचे, अब्बा नसले की टांग्याच्या जागेपर्यंत जायचे. तिथून पुढे कधी गेले नाही, कारण पत्ती तपासायला तेवढं पुरतं. मी जुलेखाच्या ओढणीची हिरवी चिंधी फाडली, नळीला बांधली, पदर खोचला आणि मशक काखेत घेतली.

वाईट वाजवलं. पहिल्यांदा नुसती गाय हंबरल्यासारखा आवाज निघाला. नवरदेवाकडची पोरं हसली. मग जमलं. दोन ठिकाणी बोट घसरलं, श्वास पुरेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोताराम ड्रम इतका हळू वाजवत होता की मला माझंच धापणं ऐकू येत होतं. हसणारी पोरं जवळ येऊन उभी राहिली. जुलेखा रडली नाही. माझ्या हातांकडे बघत होती. टांग्याची जागा आली आणि मी थांबले. तेव्हा तिने विचारलं, ‘अम्मी, पुढे आहे ना?’ मी म्हटलं, आहे. मग ती गाडीत बसली.

हे सगळं तुला कळवायचं म्हणून लिहिलं असतं आणि पत्र इथे संपवलं असतं. पण काल दुपारी घर रिकामं होतं, सरदार गादी पोचवायला गेलेला, आणि खोलीतून घुमारा आला.

तुझा नव्हता. अनवरीचं झालं, ती गेली, ते मला कळलं. हा माझा होता. तीच हंबरणारी सुरुवात, तीच दोन घसरलेली बोटं, तीच धाप. टांग्याच्या जागेला आला आणि थांबला.

मी दार उघडायला गेले नाही. बसून तुला पत्र लिहायला घेतलं.

जुलेखा ईदच्या आदल्या दिवशी राहायला येणार आहे, धुळ्याहून दुपारच्या एसटीने. हिरवी चिंधी नळीला आहे. कातडं मऊ ठेवते, पत्ती बसवून ठेवते, पहिले सूर फुंकून बघते. पुढचं माझ्या बोटांत नाही, हनीफ. ते अब्बांनी फक्त तुलाच दिलं होतं.

मी तिला उंबऱ्यावर उभी करून ठेवीन.

आपा